माझा राजीनामा ‘स्वेच्छेने’ नव्हता: मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

वृत्तपत्रातले आमचे राजीनामे दबावाखाली घेतले गेले, या आमच्या निवेदनाला आपल्या कार्यालयाने दिलेलं उत्तर परवा दुपारी पोस्टाने मिळालं. त्यातलं मुख्य वाक्य असं : ‘अर्जदारांनी स्वेच्छेने राजीनामे दिल्याचे दिसून येते, सबब या प्रकरणी कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ पाकिटात एक माहितीपत्रकही होतं, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं. वयोमर्यादा १८ ते ३५. माझं वय ५१ आहे. निवेदनावर सह्या करणाऱ्या २६ जणांपैकी पस्तिशीच्या आत फक्त दोघं आहेत. २०२४ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा तिची बातमी आमच्या पहिल्या पानावर मीच लावली होती. वयोमर्यादेची चौकटसुद्धा मीच केली होती.

फेब्रुवारीत आपण पुण्यात पत्रकारांच्या कार्यक्रमाला आला होतात. नोकरी गेलेल्या पत्रकारांचा प्रश्न साठ दिवसांत मार्गी लावतो, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्या रात्री घरी येऊन बायकोला म्हटलं, बघू, या वेळी काहीतरी होईल. त्याला आता पाच महिने झाले आणि हाती आलं ते हे दीड पान.

‘स्वेच्छेने’ म्हणजे काय घडलं, ते सांगतो. १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार. बाहेर पाऊस होता. खडकवासल्यातून मुठेत सोडलेल्या पाण्याची बातमी मी पानावर लावत होतो, नदीपात्रातला रस्ता बंद केल्याची ओळ शीर्षकात बसवायची होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. टेबलावर दोन कागद होते. एक टाईप केलेला राजीनामा, त्यात माझं नाव, पद, रुजू झाल्याची तारीख आधीच भरलेली. दुसरी दोन महिन्यांच्या मूळ पगाराच्या चेकची पोच. सही केलीत तर चेक आणि अनुभवाचं पत्र मिळेल. नाही केलीत तर काम असमाधानकारक म्हणून काढू, मग कोर्टात भेटू. मुलीची इंजिनिअरिंगची फी त्याच महिन्यात भरायची होती. मी पेन मागितलं.

राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, ‘वैयक्तीक कारणास्तव’. दुसरी वेलांटी. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप दुरुस्तीला गेला. मग आवरला आणि खाली सही केली. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. खाली आलो तर माझं लॉगिन बंद झालं होतं. पान अर्धंच राहिलं. रस्ता बंद असल्याची ओळ नंतर कुणी घातली की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशीचा अंक मी उघडला नाही.

आता कायद्याचं. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा सांगत होता की नोकरकपात करायची तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकाराला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. माझी बावीस वर्षं, म्हणजे अकरा महिन्यांचा पगार. हे सगळं बाजूला सारायला एकच शब्द पुरतो : राजीनामा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुना कायदा त्यांत गेला. नव्या संहितेत काढलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने पंधरा दिवसांचा पगार निधीत भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायचा, अशी तरतूद आहे. चांगली आहे. पण तीसुद्धा कपात झालेल्यालाच. आमच्या धंद्यात कपात होतच नाही हो. माणसं कमी होतात, कपात होत नाही. कागदोपत्री प्रत्येक जण आपणहून निघून गेलेला असतो.

आणि ही काही माझी पहिली सही नव्हती. ११ नोव्हेंबर २०११ ला पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना निघाली आणि काही दिवसांतच तिच्यातल्या ‘२०-जे’ या कलमाचा कागद आमच्यापुढे फिरला : मला आहे तोच पगार मान्य आहे. आम्ही रांगेने सह्या केल्या. ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने मजिठिया वैध ठरवला. १९ जून २०१७ ला स्पष्ट केलं की तो कंत्राटी पत्रकारांनाही लागू आहे आणि २०-जेचा आधार घेऊन शिफारशीपेक्षा कमी पगार देता येणार नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने इतकं स्वच्छ सांगितल्यावर आमच्या एका सहकाऱ्याने थकबाकीसाठी अर्ज केला. महिन्याभरात त्याची नागपूरला बदली झाली. त्याची बायको तेव्हा केमोवर होती. बाकीच्यांनी अर्ज केले नाहीत. न्यायालयाने दिलेला पगार मागायला लोक घाबरतात, तर ती भीती कुणी घालवायची? ते काम तुमच्या सरकारचं नाही का?

‘पत्रकारांनी नवी कौशल्यं आत्मसात करावीत’ असंही तुमच्या पत्रात आहे. केली, साहेब. बाणेरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. समोरची मुलगी माझ्या मुलीएवढी, ती नम्रपणे म्हणाली, सर, तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. मग घरी बसून शब्दाला चाळीस पैशांनी मजकूर लिहिला. प्रकाशकांकडे पानाला बारा रुपयांनी मुद्रितं तपासली. आता यंत्राने केलेली मराठी भाषांतरं तपासतो, ती वाचवत नाहीत इतकी वाईट असतात, पण पैसे वेळेवर येतात. जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकीत एका उमेदवाराच्या पोस्टी लिहिल्या. त्याच्याच प्रभागातल्या गढूळ पाण्याच्या बातम्या मी कधीकाळी लावल्या होत्या. ‘पाणीप्रश्न सोडवणारा आपला माणूस’ ही ओळ माझी आहे. ती लिहिल्याची लाज मला आजही वाटते. निकालानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं, निम्मे पैसे अजून यायचे आहेत.

पीएफची पेन्शन ५८ ला. आधी घ्यायची तर दर वर्षामागे चार टक्के कापतात, म्हणजे माझे २८ टक्के गेले. ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेला वय साठ आणि अनुभव तीस वर्षांचा लागतो. माझी बावीसवर गाडी थांबवली. तरुणांच्या योजनेत मी म्हातारा, ज्येष्ठांच्या योजनेत कच्चा. पस्तीस ते साठ या वयातली माणसं तुमच्या हिशेबात आहेत तरी का?

वर्तमानपत्रांची अवस्था वाईट आहे, कागद महाग, जाहिरात मोबाइलवर गेली, हे मला शिकवू नका, मी आतून पाहिलंय. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने छापील जाहिरातींचे दर २६ टक्क्यांनी वाढवले. त्यातले किती पैसे बातमी लिहिणाऱ्यापर्यंत पोचले, हे कुणी विचारलं? मंत्र्यांच्या फोटोंची पानभर जाहिरात येते तेव्हा त्या पानावरच्या बातम्या उडतात. नंतर बातम्यांची माणसंही उडतात.

यात शहराचं काय होतं तेही ऐका. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्यांतल्याच काही गावांत, सिंहगड रस्त्याला, जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले तेव्हा आमचा बातमीदार किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव असा रोज हिंडत होता. विहिरीचं पाणी कुठून कसं घरात येतं ते लोकांच्या मोऱ्यांत उभं राहून बघत होता. त्याला माझ्या चार महिने आधी काढलं. तो आता हिंजवडीजवळ फ्लॅट विकतो. त्या भागाच्या बातम्या आता येतात त्या महापालिकेच्या प्रेसनोटमधून, आणि प्रेसनोटमध्ये पाणी कधीच गढूळ नसतं. ज्या पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ ला आणि ‘केसरी’ १८८१ ला निघाला, तिथे ही वेळ आलीय. पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमधून दरवर्षी नवी मुलं बाहेर पडतात. मला विचारायला येतात, सर, येऊ का या क्षेत्रात? मी काय सांगू त्यांना?

आमचं मागणं काही डोंगराएवढं नाही. वृत्तपत्रातला कोणताही राजीनामा कामगार अधिकाऱ्यासमोर, मालकाचा माणूस खोलीत नसताना, कर्मचाऱ्याने तोंडाने सांगितल्याशिवाय ग्राह्य धरू नका. सरकारी जाहिरातीचं बिल देण्याआधी पगाराचा दाखला मागा. आणि प्रशिक्षणाची वयोमर्यादा काढा. पहिलं केलंत तरी उरलेल्यांची पुष्कळ घरं वाचतील.

निवेदनाची प्रत पुन्हा सोबत जोडली आहे. तिसरा रकाना वयाचा आहे. पाचवा रकाना राजीनाम्यावर सही घेतल्याच्या तारखेचा आणि वेळेचा आहे. त्यात नऊ जणांपुढे १९ ऑगस्ट हीच तारीख आहे. वेळा अशा : ३.००, ३.१५, ३.३०, ३.४५, पुढे तशाच पाच वाजेपर्यंत. एकाच दुपारी, दर पंधरा मिनिटांनी एकेकाला ‘वैयक्तिक कारण’ कसं उद्भवलं, एवढं तुमच्या अधिकाऱ्यांना विचारा आणि मला लेखी कळवा.

आपला,
एक माजी मुख्य उपसंपादक
पुणे