सुट्टीतल्या धावण्याचं गणित सोपं करून देणाऱ्या कोच मॅडमना

आदरणीय मॅडम,

उन्हाळी सुट्टीला निघण्याआधी तुम्ही बॅचमधल्या प्रत्येकाच्या हातात दोन पानांचं टिपण ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण त्या टिपणातलं बरंचसं बॅचबाहेरच्या धावणाऱ्यांच्याही कामाचं आहे.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तुम्ही धास्ती घालवलीत. आठवडाभर धावणं बंद पडलं की वर्षाची मेहनत वाया गेली, असं समजून माणूस एकतर रोज हट्टाने धावतो आणि घरच्यांची सुट्टी नासवतो, नाहीतर वैतागून बूटच सोबत नेत नाही. खरं तर एका आठवड्याच्या विश्रांतीने दम फारसा कमी होत नाही. रक्तातला द्रवभाग थोडा घटतो, म्हणून परतल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद चालते, एवढंच. जाणवेल अशी घसरण साधारण दोन आठवड्यांच्या पूर्ण बंदनंतर येते. ती रोखायलाही रोज धावायची गरज नाही. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत सराव आठवड्याला ६ दिवसांवरून २ दिवसांवर आणला, पण जोर तोच ठेवला, तर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता १५ आठवडे टिकली. जोर कमी केल्यावर मात्र ती उतरली. म्हणूनच तुमचा आग्रह होता की दिवस आणि मिनिटं कमी करा, पण एक जोरकस रन सोडू नका.

तो जोरकस रन ३५ मिनिटांत उरकतो: १० मिनिटं सावकाश, मग १ मिनिट वेगात आणि २ मिनिटं जॉग असं सहा वेळा, उरलेला वेळ हळू. दुसरा रन अर्ध्या तासाचा, बोलता येईल इतपत आरामाचा, शेवटी २० सेकंदांच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे वेग वाढवत घेतलेल्या छोट्या धावा. जमलं तर तिसरा तासाभराचा. सगळं मिनिटांत मोजायचं, किलोमीटरमध्ये नाही. अनोळखी गावात १५ मिनिटं जाऊन त्याच वाटेने परत यायचं, म्हणजे वाट चुकत नाही आणि ठरलेलं जेवण हुकत नाही.

उन्हाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत, तेही योग्यच. गरम हवेत शरीराला स्नायूंबरोबर त्वचेकडेही रक्त पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच पेसला, म्हणजे धावण्याच्या वेगाला, नाडी वर जाते. अशा वेळी घड्याळातल्या पेसमागे लागणं हा शुद्ध वेडेपणा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. सूर्योदयाच्या आसपास हवा सगळ्यात थंड असते. संध्याकाळी ऊन उतरलं तरी तापलेला रस्ता भाजतच असतो. शरीर उष्णतेला सरावायला १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून उष्ण ठिकाणी पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस फक्त हळू धावायचं आणि जोरकस रन त्यानंतर ठेवायचा. दिवसभर एसीत बसून राहिलं तर हे सरावणं लांबतं.

पाणी तहानेप्रमाणे प्या, हा सल्ला अनेकांना पटत नाही. पण तासाभराहून जास्त धावताना नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. धावण्याआधी आणि नंतर वजन करावं. १ किलो घटलं म्हणजे सुमारे १ लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. उन्हात अंगावर काटा आला, गरगरलं, तर तिथेच थांबायचं. सोबतचा असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून आधी गार पाण्याने अंग थंड करायला घ्यायचं आणि त्याच वेळी कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगायचं.

समुद्रकिनाऱ्यावर धावायचं ते ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबून चालत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खोल रुतते, पोटरी आणि टाचेमागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) ताण येतो. अनवाणी धावायचं तर पहिल्या दिवशी ५ ते १० मिनिटंच. किनारा पाण्याकडे उतरता असतो. त्याच वाटेने परतलं की दोन्ही पायांवर भार सारखा पडतो.

डोंगरात चढापेक्षा उतार महागात पडतो: दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, म्हणून उतारावर पावलं छोटी टाकायची.

बूट हातातल्या बॅगेत न्यायचे, कारण हरवलेल्या बॅगेतले कपडे नवे घेता येतात, पायाला सरावलेले बूट येत नाहीत. भिजले तर आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते तासाभराने बदलायचे. हेअर ड्रायर नको, गोंद सुटतो.

परतल्यावर राहिलेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत, हा तुमचा नियम सर्वांत कमी पाळला जातो. दम लवकर परत येतो, पण नडगीचं हाड आणि कंडरा मागे राहतात, आणि दुखापत नेमकी तेव्हा होते. दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा नेहमीच्या तीन चतुर्थांशावर ठेवणं बरं.

एक विनंती. पुढच्या टिपणात ट्रेडमिलवर चार ओळी घालाल का? हॉटेलच्या मशीनचा वेग आपल्या घड्याळाशी जुळेलच असं नाही, आणि समोरून वारा नसल्याने पंख्याशिवाय अर्ध्या तासात माणूस उकडून निघतो.

आपले,
सकाळच्या बॅचचे धावपटू