फसलेल्या ट्रायलचा खर्च कोणाच्या खात्यावर?

महोदय,

उद्योगांतल्या नवनिर्मितीची चर्चा बहुधा 'संशोधनावर विक्रीच्या किती टक्के खर्च होतो' इथेच अडते. एखादी कंपनी वर्षानुवर्षे नवे काही काढत राहील की नाही, हे आमच्या मते दुसऱ्याच हिशेबावर ठरते : फसलेली ट्रायल, म्हणजे नव्या कल्पनेची चाचणी, कोणाच्या खात्यावर पडते?

अमेरिकेतल्या थ्रीएमचेच पाहा. १९०२ मध्ये कुरुंदाच्या (घासकामाला लागणाऱ्या कठीण खनिजाच्या) खाणीसाठी ही कंपनी निघाली. खनिज निकृष्ट ठरले आणि ती पॉलिश पेपरकडे वळली. त्या पेपरचे नमुने घेऊन कंपनीतले रिचर्ड ड्रू गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांत जात. दुरंगी गाडीवर चिकटवलेला कागद काढताना रंगही सोलून येतो, हे त्यांनी पाहिले आणि १९२५ मध्ये रंग न सोलता निघणारी मास्किंग टेप तयार झाली. पुढे १९४८ मध्ये तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी देण्याचे धोरण आले.

थ्रीएमचेच संशोधक स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये घट्ट चिकटणारा गोंद शोधत होते. हाती आला सहज सुटणारा. त्यातले सूक्ष्म गोळे पृष्ठभागाला मोजक्याच ठिकाणी टेकतात, म्हणून तो चिकटतो आणि सुटतोही. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला १९७४ मध्ये : चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या. पण गोंद समोरच्या कागदावरच राहून जायचा, म्हणून आधी द्यायचा वेगळा लेप बनवावा लागला. १९७७ ची चाचणी विक्री फसली, पुढच्या वर्षी बॉइसी शहरात फुकट नमुने वाटले तेव्हा मागणी दिसली, आणि 'पोस्ट-इट' नावाने त्या चिठ्ठ्या देशभर विक्रीला आल्या १९८० मध्ये. बारा वर्षे! पहिल्याच टप्प्यावर 'ग्राहक कोण, बाजार केवढा' हे विचारले असते, तर हे काम तिथेच संपले असते.

नेमके हेच पुढे घडले. २००१ ते २००५ या काळात थ्रीएमचे प्रमुख जेम्स मॅकनर्नी यांनी सिक्स सिग्मा (मोजमापाने कामातली तफावत व बिघाड कमी करण्याची पद्धत) संशोधनालाही लावले. नफ्याचे प्रमाण वाढले. मात्र पाच वर्षांच्या आतल्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर आला. नंतरचे प्रमुख जॉर्ज बकली यांनी संशोधकांवरचे हे बंधन सैल केले. बिघाड कमी करायला सिक्स सिग्मा उत्तमच आहे. पण जे अजून अस्तित्वातच नाही, त्यातली तफावत मोजणार कशी?

आपल्याकडे १५ टक्क्यांची नक्कल होते आणि फसते. ४८ तासांच्या आठवड्यात ते ७.२ तास, म्हणजे जवळजवळ एक शिफ्ट. माणूस मोकळा होतो, मशीन होत नाही. व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) ट्रायल घ्यायची तर फिक्श्चर (पीस पकडणारा साचा) बदला, ऑफसेट (हत्याराच्या जागेची मापे) घ्या, पहिला पीस तपासा. दोन तास सहज जातात, वर चार पीस स्क्रॅप. सुपरवायझरचे मोजमाप ओईई (मशीनचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला याचे माप) आणि रिजेक्शनवर (नापास मालावर), त्यामुळे तो 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. यात दोष त्याचा नाही, मोजमापाचा आहे.

म्हणून ट्रायलची वर्क ऑर्डर वेगळी काढावी, माल वेगळ्या खर्च-शीर्षावर टाकावा आणि तो वेळ नियोजित थांबा म्हणून धरावा. लहान कारखान्याने पंधरवड्याला निदान अर्धी शिफ्ट राखून ठेवावी. पिसांना लाल टॅग लावावा, नाहीतर ते डिस्पॅचमध्ये मिसळतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) बदलला तर स्पीड (फिरण्याचा वेग) आणि कूलंटचे (थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्रमाण तेच ठेवावे. ट्रायल फसली तरी नोंदीची शीट भरावी, कारण तीच चूक दोन वर्षांनी दुसरा कोणीतरी पुन्हा करतो.

जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी सुटे भाग बनवून देण्याचे काम, करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. ड्रॉइंग ग्राहकाचे, सुधारणा फक्त प्रक्रियेत. सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) ९० सेकंदांवरून ७५ वर आणला की पुढच्या दरकपातीत ती बचत ग्राहक काढून घेतो. मग पुरवठादार सुधारणा लपवतो, किंवा करतच नाही. पुरवठादाराच्या कल्पनेतून झालेली बचत निदान दोन वर्षे निम्मी त्याच्याकडे राहील, असे कलम मोठ्या वाहन कंपन्यांनी खरेदी करारात घालावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

– उत्पादन अभियंत्यांचा एक गट, चाकण