बागेतला धूर कुठवर जातो, असं विचारणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

कॉलेजच्या लेखा विभागातल्या तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण मला बोलायचं होतं ते घशातच राहिलं. गेल्या आठवड्यात केळीच्या बागेतल्या धुरावरच्या आपल्या प्रकल्पाचं पहिल्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याचा दाखला, दिल्लीला गेलं. त्यावर तुमच्या जागी आलेल्या भाऊंची सही आहे. पण फाइल उघडली की पानापानावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात. म्हणून आज लिहायला बसले. चारचौघांत लिहितेय, कारण जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांत माझ्यासारखे अनेक जण संशोधनाचे प्रस्ताव लिहीत असतील, आणि प्रत्येकाच्या लेखा विभागात आप्पा नसतात.

पहिला प्रस्ताव मी एकटीनं लिहिला होता. तापी खोऱ्यातली धूळ, धूर, आर्द्रता, सूर्यप्रकाश, सगळंच मोजायचं होतं मला. कित्येक महिन्यांनी नकार आला. परीक्षकांचे शेरे दोनच होते. नेमका प्रश्न काय ते कळत नाही, आणि उपकरणांची देखभाल व कॅलिब्रेशन (ती अचूक मोजतात ना, याची तपासणी) कोण करणार ते लिहिलेलं नाही. छोट्या कॉलेजातून अर्ज गेला म्हणून डावललं, असंच मी घरी सांगत होते. तुम्ही मात्र चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "मॅडम, शेरे कामाचे आहेत. प्रस्ताव द्या बरं वाचायला."

त्या रविवारी तुम्ही मला सावद्याजवळच्या तुमच्या केळीच्या बागेत बोलावलंत. पौषातली थंडी होती. रात्री बांधावर काडीकचरा पेटवला होता, त्याची राख अजून कोमट होती. थंडीचा चरका बसू नये म्हणून खानदेशात सगळेच असा धूर करतात. तुम्ही राखेकडे बोट दाखवून विचारलंत, "हा धूर बागेत राह्यतो, का वर निघून जातो? तुमच्या यंत्रानं एवढं सांगता येईल का?"

आप्पा, मी हवामानशास्त्र शिकले होते, तापमानाची विपरीतता वर्गात दरवर्षी शिकवत होते. हिवाळ्यातली लांब रात्र, निरभ्र आकाश, कोरडी हवा. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, आणि उबदार हवेचा थर वर झाकणासारखा बसतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, उतारावरची गार हवाही सखल भागाकडे सरकते. म्हणून पहाटे धूर असा आडवा पसरतो, आणि ऊन चढून जमीन तापली की विरतो. हे सगळं मला माहीत होतं. पण लहान शेकोटीची ऊब त्या झाकणाखालीच अडते, आणि मोठा जाळ केला तर तीच ऊब झाकण फोडून वर निघून जाते, म्हणजे शेतकऱ्यानं केवढा जाळ करावा हा मोजून ठरवायचा प्रश्न आहे, हे तुम्ही विचारेपर्यंत मला सुचलं नव्हतं. धुरापेक्षा ऊब आणि हवेचं वरखाली मिसळणंच जास्त कामाचं, हे शास्त्र पुस्तकात आहे. आपल्या बागांत, आपल्या थंडीत ते किती लागू पडतं, ते मोजून बघायला हवं होतं.

नवा प्रस्ताव तेवढ्या एका प्रश्नावर लिहिला. एक खांब, त्यावर केळीच्या पानांच्या उंचीपासून दहा मीटरपर्यंत तापमापक, वारा मोजणारं यंत्र, धुराचे कण मोजणारं एक उपकरण. बस.

मग अंदाजपत्रक. मी संशोधक विद्यार्थ्याचं मानधन महिना 31,000 आणि तिसऱ्या वर्षी 35,000 धरलं होतं, जुन्या प्रस्तावातून तसंच उचललेलं. तुम्ही कपाटातून परिपत्रक काढलंत. 1 जानेवारी 2023 पासून ते 37,000 आणि 42,000 झालेलं. तीन वर्षांत 2 लाख 28 हजारांचा खड्डा, तोही घरभाडं सोडून. "हा खड्डा पोराच्या पोटातून भरायचा का?" एवढंच विचारलंत तुम्ही. ते वाक्य मी विसरलेले नाही.

तीन पुरवठादारांची कोटेशनं तुम्ही फोन करकरून मागवलीत. खांबाचं अर्थिंग, वीज गेली तर बॅटरी, दरवर्षीची देखभाल, उपकरण पुण्याला नेऊन तिथल्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तपासून आणण्याचा प्रवासखर्च, हे सगळं तुमच्यामुळे कागदावर आलं. नुसतं उपकरण मागितलं की ते दुसऱ्या उन्हाळ्यात कपाटात जातं, हे तुम्ही कॉलेजातल्या जुन्या वस्तूंची नोंदवही दाखवून सांगितलंत. 45 अंशांच्या मे महिन्यात गच्चीवरच्या केबलचं आवरण तडकतं, म्हणून पाइपातून वायर न्यायला लावलीत. कुठल्याही मार्गदर्शिकेत हे नव्हतं.

आणि मधेच सगळी व्यवस्था बदलली. 2023 च्या कायद्यानं संशोधनाला अनुदान देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, आधी हे अनुदान देणारं केंद्राचं मंडळ एसईआरबी त्यात गेलं, पोर्टल आणि अर्जाचे नमुने नवे झाले. मी घाबरले होते. तुम्ही संध्याकाळी साडेसातपर्यंत शेजारी बसून प्राचार्यांच्या शिफारसपत्रापासून एकेक कागद नव्यानं तपासलात. घरी काकू जेवायच्या थांबल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंजुरीपत्र आल्यावर मी पेढे घेऊन आले तर तुम्ही आधी विचारलंत, स्वतंत्र खातं उघडलं का. अनुदानावरचं व्याजसुद्धा आपलं नाही, ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, परत भरायचं असतं, हे तेव्हाच समजावलंत. यंदा ते वेळेत भरलं. खर्चाचा तक्ता आणि 12-अ नमुना (तेच उपयोगिता प्रमाणपत्र) पहिल्याच फेरीत स्वीकारला गेला, एकही शंका आली नाही.

खांब आता उभा आहे. संक्रांतीच्या आधीच्या त्या गार रात्री आमचा विद्यार्थी रात्रभर जागा होता. पहाटे वरचा तापमापक खालच्यापेक्षा उबदार दाखवत होता, आणि लहान शेकोटीचा धूर केळीच्या पानांच्या जरा वर जाऊन थांबला होता. एका रात्रीवरून काही सांगता येत नाही, अजून दोन हिवाळे मोजायचे आहेत. पण तुमच्या प्रश्नाच्या उत्तराला सुरुवात झाली आहे, आणि ते सर्वांत आधी तुम्हाला कळावं असं वाटलं.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की एका संध्याकाळी या. काकूंनाही आणा. रात्री शेकोटी पेटवायची आहे, ती तुमच्या हातून पेटावी.

आपली,
भौतिकशास्त्र विभागातली मॅडम