माळ नको, आधी डॉक्टर

तासगाव, जि. सांगली

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. पोर नववीत आहे आणि वर्षभर पितंय, हे ऐकून कुठल्याही बापाचे हातपाय गळतील. पण "पंढरपूरला नेऊन माळ घालतो" असं म्हणालास, तेवढं थांबव. माळेवर माझीही श्रद्धा आहे. मात्र मार चुकवायला घातलेली माळ मोडली की पोर देवालाही भितं आणि तुलाही, मग सगळंच लपवायला लागतं.

हा आजार आहे, दत्ता. स्वतःला आवरायला लावणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. मजेची ओढ मात्र त्याआधीच जोरात असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांत पुढे दारूच्या आहारी गेलेले विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट निघाले. आणि मोठ्या माणसासारखे सकाळी हात थरथरतील, अशी वाट बघू नकोस. पोरं रोज पीत नाहीत, पण बसली की भरमसाट पितात. डॉक्टर दारूच्या व्यसनाची ११ लक्षणं पडताळतात. वर्षभरात त्यातली दोन दिसली तरी सौम्य विकार धरतात.

आजी गेल्यापासून तो कुणाशी बोलत नाही, असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या. मला ती गोष्ट दारूइतकीच महत्त्वाची वाटते. उदासी, धास्ती, अभ्यासात लक्ष न लागणं यांवर इलाज झाला नाही, तर नुसती बाटली काढून घेऊन भागत नाही.

राग धरायचाच तर पाजणाऱ्यांवर धर. आपल्याकडे बियरलासुद्धा २१ वर्षं पुरी लागतात, कडक दारूला २५. लहान मुलाला दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरी जत्रेच्या जेवणावळीत चुलताच म्हणतो, "घे रे घोटभर, गडी हायस का नाय!" आणि सगळी पंगत हसते. मला त्या हसण्याची चीड येते.

मारू नकोस. तो शुद्धीत, शांत असताना विचार: कधी, कुणाबरोबर, का. तुझी रविवारची बाटलीही कपाटातून जाऊ दे. त्याला सगळं दिसतं. पिऊन आला आणि हाकेला ओ देईना, तर लिंबूपाणी पाजू नकोस, उलटी काढायला लावू नकोस. कुशीवर वळव आणि १०८ ला फोन कर. पिणं थांबल्यावर थरथर, झटके, भ्रम असं काही दिसलं तरी तडक दवाखाना.

आज रात्रीच टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, १४४१६ वर बोल. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथेही विचारता येईल. पण मानसोपचारतज्ज्ञाने तपासल्याशिवाय त्याला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवू नकोस.

शनिवारी मी कराडला येतो. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जायचं की साताऱ्याला, ते पोरासमोर बसूनच ठरवू. वहिनींना सांग, जेवायला मी तिथेच आहे.

तुझा,
बाळू