चकचकीत बरणी लोणच्याला चालेलच असं नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या प्रदर्शनांत स्टुडिओत घडवलेले मग, वाडगे, बरण्या हौसेने घेतल्या जातात. घरी ग्लेझ (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर देणारा लेप) कालवणारे वाढताहेत, याचा आनंदच आहे. मात्र विक्रीआधी ग्लेझची आंबटात तपासणी झालीच पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

पोटॅश फेल्डस्पार (एक खनिज) ४० भाग, क्वार्ट्झ (गारगोटीची पूड) ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २०, चायना क्ले (पांढरी माती) १० हे जुनं, भरवशाचं ग्लेझ. ते १२८० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखं वितळतं. तेच १२२० ला भाजलं की दुधाळ, अर्धकच्चं राहतं आणि रंगासाठी त्यात तांबं घातलं असेल तर ते आंबटात सुटतं. त्या तापमानाला बोरॉनची फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) लागते. नुसता भट्टीतला वेळ वाढवून भागत नाही.

चाचणीला १०० ग्रॅम पूड आणि साधारण ९० मिलि पाणी पुरे. मास्क लावून पूड पाण्यात सोडावी, कारण क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळावं. १०० मिलि ग्लेझ १४५ ते १५० ग्रॅम भरलं पाहिजे. हा आकडा वहीत नसेल तर पुढच्या खेपेला तोच रंग मिळत नाही. चाचणीची टाइल (मातीची छोटी पट्टी) उभी भाजावी आणि वरचा अर्धा भाग दोनदा बुडवावा, म्हणजे जाड थर कुठवर ओघळतो ते दिसतं.

मग टाइलवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथली चकाकी मेली किंवा रंग उतरला, तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्याला नको. डाग पडला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. शिसं डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास ठेवून ते द्रावण प्रयोगशाळेत तपासावं लागतं. शेंदूर (शिशाचं संयुग) घातलेलं ग्लेझ तर खाण्याच्या भांड्याला कधीच लावू नये.

शाई चोळल्यावर केसासारख्या भेगा उमटल्या, तर थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं आहे. क्वार्ट्झ ५ भाग वाढवून पुन्हा भाजून पाहावं. माती पुरेशी पक्की भाजलेली नसेल, तर अशा बरणीत मीठ-तेल भेगांतून आत मुरतं आणि धुऊनही वास जात नाही.

रंगांची हौस बाहेरून करावी, आतून तपासलेलं पारदर्शक ग्लेझच लावावं. तपासणी झाली नसेल तर बरणीच्या चिठ्ठीवर ‘फक्त शोभेसाठी’ असं स्पष्ट लिहावं.

– स्टुडिओ पॉटरी करणारे काही जण, पुणे