शेल्टरातली गर्दी आपणच कमी करू

संपादक साहेब, नमस्कार. २०२३ च्या एबीसी (म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे धडधाकट भटक्या कुत्र्याला मारता येत नाही, मरणाचं इंजेक्शन फक्त बरं न होणाऱ्याला. पण कुत्र्यांच्या शेल्टरात गर्दी झाली की पार्व्हो, डिस्टेंपर असले कुत्र्यांचे साथीचे रोग पसरतात नि चांगली पिल्लंपण आजारी पडून त्या इंजेक्शनच्या यादीत जातात, म्हणून आमच्या वाडीतली पोरं पिल्लं घरीच सांभाळतात, लस टोचून मग दत्तक देतात. चाकरमानी मात्र मे महिन्यात हौसेनं पिल्लू घेतात आणि जाताना जेटीवर सोडतात, काय म्हणायचं यांना! कानाला खाच असलेलं कुत्रं नसबंदी झालेलं असतं, ते सहसा परत त्याच जागी सोडतात, उगाच तक्रारी करू नका. नगरपालिकेनं नसबंदीचा कॅम्प पावसाआधी लावावा, मासळी बाजारातली कुत्री पकडून द्यायला आम्ही येतो.

– एक वाचक, मालवण