वाईच्या घरी, दापोडीविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तुला पुढचं ऐकवलं नसतं आणि बाबा, तुम्ही 'बरं, बरं' म्हणून फोन तिच्याकडे दिला असता. म्हणून लिहितोय. मी सैन्यातून निवृत्तीचा अर्ज टाकत नाहीये. वीस वर्षं पुरी झाली, पेन्शन पक्की झाली, की वाईला येतो असं मीच म्हणत होतो. तुम्ही वरची खोली रंगवून घेतलीत हेही मला ठाऊक आहे. पण मी पुण्यात दापोडीला, कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकवायला जायचं मागितलं आणि ते मंजूर झालंय.

मला सुरुंगांचं काम शिकवणारे सर वारल्याचं कळवलं होतंच. तुम्ही त्यांना आपल्या घरी पाहिलंत, भरल्या वांग्यांची तारीफ करणारे, बाबांशी मराठी नाटकांवर तासभर बोलणारे. मैदानावरचे सर तुम्ही पाहिले नाहीत.

सुरुंग शोधायला शिकवताना ते आमच्या शेजारी पालथे पडायचे, साठीच्या जवळ आलेला माणूस. सुरुंग वरून दाब आला की फुटतो, म्हणून सळई उभी खुपसायची नाही. तीस अंशांच्या आसपास तिरकी सरकवायची, म्हणजे ती त्याच्या कडेला लागते. हे पुस्तकात आहे. पण घाई झाली की मनगट आपोआप उभं होतं, आणि ते सरांना आमच्याआधी कळायचं. बोलायचे नाहीत, नुसतं मनगट धरून खाली आणायचे.

१९४८ साली नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर लष्करी इंजिनिअरांच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले, दोन दोऱ्यांनी ड्रायव्हरला डावं-उजवं सांगत. परमवीरचक्र मिळालेला तो माणूस सर आम्हाला अख्खा तास शिकवायचे. दोऱ्या कुठे बांधल्या असतील, माती कशी असेल, सगळं. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

एकदाच बोलले. १९७१, शकरगढ, बसंतर नदी, १५ डिसेंबरची रात्र. पलीकडे आपलं पायदळ पोचलेलं, समोर पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल, आणि इंजिनिअर्सची सुरुंगातली वाट अजून पुरी मोकळी झालेली नाही. पूना हॉर्सचे रणगाडे तसेच त्यातून पुढे गेले. अरुण खेत्रपाल त्याच रेजिमेंटचा, पुण्यात जन्मलेला, एकवीस वर्षांचा, अहमदनगरचा कोर्स अर्धवट टाकून लढाईला आलेला. दुसऱ्या दिवशी तो गेला. सर तेव्हा लेफ्टनंट, त्याच वाटेवर, मोकळ्या भागाची खूण म्हणून, पांढरी पट्टी अंथरत होते. आपल्या तुकडीतले जे परतले नाहीत त्यांची नावं त्यांनी गावांसकट सांगितली, आणि मग म्हणाले, चला, सळया उचला.

बाबा, पानशेतचं तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलंत. मी ते सरांना सांगितलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच शिकवलं: ११ जुलै १९६१ च्या रात्री जवान खचत्या धरणावर वाळूची पोती रचत राहिले, धरण वाचलं नाही, पण ते १२ तारखेच्या सकाळी फुटलं. रात्रीच फुटलं असतं तर पुणं झोपेत बुडालं असतं. आजोबांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन पळायला उजेड होता तो त्या पोत्यांमुळे. तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

सरांसारखं शेजारी पालथं पडून मनगट धरणारं कुणीतरी त्या पोरांना लागणार. मला ते येतं, कारण माझं मनगट धरलं गेलंय. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. पगार, क्वार्टर, चिमीची शाळा, हे सगळं सोयीचं आहेच, पण ते नंतरचं.

आणि दापोडी म्हणजे काही लेह नाही. खंबाटकी उतरलं की घरच. इतकी वर्षं वर्षातून दोनदा यायचो, आता महिन्यातून दोनदा येईन. वरची खोली आमचीच राहू दे, भाड्याने देऊ नका. आई, क्वार्टर तळमजल्यावरच घेतोय, तुला जिना नको म्हणून. गरम पाणी चोवीस तास आहे, देवघराला कोपरा आहे, बाबांच्या फिरण्याला झाडीतला सपाट रस्ता आहे. थंडीत दोन महिने या. मला अजून ताप आला की तुझी गवती चहाची वाफ आठवते, हे तुझ्या सुनेला सांगू नकोस.

आता ऐका. बाबा, स्कूटरची किल्ली शेजारच्या काकांकडे द्यायची, बाजाराला रिक्षा. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे याच महिन्यात, मी आल्यावर नाही. उपासाच्या दिवशीसुद्धा गोळी घ्यायची, देव रागावत नाही. गॅसची नळी बदलली का ते कळवा.

रागावला असाल तर फोनवर रागवा, पण फोन करा.

तुमचा,
बाळ